परतलेला सैनिक आणि ऋणाची कबुली

मनुष्य ईश्वराकडे परतला असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय घडलेले असते? जेथून तो निघाला होता त्याच ठिकाणी पुन्हा येऊन बसतो, की एखाद्या नव्याच ठिकाणी पोहोचतो? आणि परतणारा मनुष्य जर उमेदीची वर्षे शस्त्र हाती घेऊन घालविलेला सैनिक असेल, तर त्याच्या हातून घडलेल्या कृत्यांचे त्या परतण्याने काय होते? ती पुसली जातात, क्षमेस पात्र ठरतात, की होती तशीच राहतात? प्रश्न कुरुक्षेत्राइतका जुना आहे. तथापि स्वधर्मातील मनुष्याविषयी तो विचारला असता आपण जितक्या सहजतेने उत्तर देतो, तितक्या सहजतेने परधर्मीयाविषयी देत नाही. म्हणूनच प्रस्तुत लेखात आम्ही मुद्दाम एका ख्रिस्ती सैनिकाचे उदाहरण घेतले आहे.

लोंढ्यासारख्या गावी राहणाऱ्यांस हा प्रश्न निव्वळ पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. खानापूर तालुक्याच्या रानातील हे रेल्वेचे जंक्शन. येथून एक मार्ग बेळगावकडे, दुसरा धारवाड-हुबळीकडे आणि तिसरा कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्याकडे जातो. रेल्वेच्या निमित्ताने निरनिराळ्या भाषांची आणि धर्मांची माणसे येथे एकमेकांची शेजारी झाली. बेळगाव हे तर १९२२ पासून मराठा पलटणीचे मुख्य ठाणे. त्यामुळे खांद्यावर वळकटी घेऊन गाडीतून उतरणारा जवान आणि पेन्शनीत निघालेला सुभेदार ही या भागातील नित्याची दृश्ये होत. त्यांपैकी कोणी देवळाची पायरी चढतो, कोणी मशिदीची, कोणी चर्चची. दोघे शेजारी कोंकणीत एकमेकांस 'देव बरें करूं' म्हणतात, तेव्हा दोघांच्या मनांतील देवाचे रूप वेगळे असते, पण शब्द तेच असतात. अशा गावी, वीस-पंचवीस वर्षे चर्चकडे न फिरकलेला एखादा निवृत्त सैनिक एके रविवारी पुन्हा तेथे जाऊ लागला, तर शेजारच्या देवळातील आम्ही भाविकांनी त्याविषयी काय समजावे?

येथे आमच्या वाचकांच्या मनात एक अडचण उभी राहील, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांच्या कुलदेवता सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदी ओलांडून अंत्रूज महालात गेल्या, त्या घराण्यांना ख्रिस्ती श्रद्धेच्या जागृतीची कथा निर्विकार मनाने ऐकणे सोपे नाही. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, त्यामागे धर्मोत्साहाने पेटलेली राजसत्ता होती. शिवाय या इतिहासाच्या एका धाग्याच्या टोकाशी एक सैनिकच उभा आहे. १५२१ साली स्पेनमधील पांप्लोनाच्या किल्ल्यात तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला अंथरुणावर पडल्या पडल्या ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र वाचू लागला; पुढील वर्षी त्याने मोंत्सेर्रातच्या मठात आपली तलवार देवमातेपुढे ठेवली. त्याने उभारलेल्या जेझुइट संघास १५४० साली पोपची मान्यता मिळाली आणि १५४२ साली त्याचा सहकारी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. १५६० साली तेथे इन्क्विझिशन सुरू झाले. एका जखमी शिपायाच्या अंतःकरणात घडलेल्या पालटाचे पडसाद हजारो कोसांवरील आमच्या पूर्वजांच्या उंबरठ्यापर्यंत आले.

हा सर्व दोष इग्नेशियसच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याच संघातील थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठीची थोरवी जाणून ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले व ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. एवढे मात्र खरे, की 'अमुक सैनिक देवाकडे परतला' एवढे वाक्य आमचे समाधान करण्यास पुरेसे नाही. परतल्यावर त्याने काय केले, हे विचारण्याचा आम्हांस अधिकार आहे. तो अधिकार बजावण्यासाठी आता जवळच्या काळातील, आणि आपल्या मुंबईशी संबंध आलेल्या, एका सैनिकाकडे वळू.

कायद्याचा अभ्यास केलेल्यांस चेशायर हे नाव नवे नाही. करारांच्या कायद्यावरील आणि खासगी आंतरराष्ट्रीय कायद्यावरील चेशायर यांचे ग्रंथ भारतातील वकिलांच्या कित्येक पिढ्यांनी चाळलेले आहेत. त्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांचा मुलगा लेनर्ड चेशायर १९१७ साली जन्मला. त्यानेही ऑक्सफर्डला कायद्याचीच पदवी घेतली; पण १९३९ साली महायुद्ध पेटले आणि तो बाँबफेकी विमानांचा वैमानिक झाला. पंचविसाव्या वर्षी ग्रुप कॅप्टन, पुढे ६१७ क्रमांकाच्या प्रसिद्ध तुकडीचा नायक, आणि १९४४ साली व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी. ज्या दलात तो लढला, त्या ब्रिटिश बाँबर दलातील ५५,००० हून अधिक माणसे युद्धात मेली. शंभर मोहिमांवर जाऊन जिवंत परतणे ही केवढी दुर्मीळ गोष्ट होती, याची कल्पना या आकड्यावरून यावी.

लहानपणी अँग्लिकन पंथात वाढलेल्या या तरुणाची श्रद्धा या वर्षांत जवळजवळ विझली होती. देव म्हणजे मनातील सदसद्विवेकाचे एक नाव, यापलीकडे त्याला काही वाटत नसे. युद्धाच्या अखेरीस लंडनमधील एका मद्यगृहात हेच मत त्याने बोलून दाखविले, तेव्हा परिचयातील एका स्त्रीने त्याला फटकारले की देव ही कल्पना नव्हे, देव ही व्यक्ती आहे. ते बोलणे त्याच्या मनात घर करून राहिले. पण त्यामुळे तो लागलीच चर्चमध्ये गेला, असे मात्र झाले नाही.

त्याच्या युद्धजीवनातील दोन प्रसंग न्यायाधीशासमोर शेजारी शेजारी ठेवण्याजोगे आहेत. पहिला १९४४ च्या फेब्रुवारीतील. फ्रान्समधील लिमोज येथे विमानांची इंजिने बनविणारा कारखाना जर्मनांसाठी चालत होता आणि रात्रपाळीस तेथे फ्रेंच स्त्रिया कामास होत्या. चेशायरने आपले विमान अगदी खाली आणून कारखान्यावरून पुन्हा पुन्हा फिरविले, कामगारांना पळून जाण्यास अवधी दिला, आणि मगच हल्ला केला. दुसरा प्रसंग ९ ऑगस्ट १९४५ चा. ब्रिटनतर्फे निरीक्षक म्हणून नेमलेला चेशायर त्या दिवशी एका अमेरिकन विमानात होता. ते विमान ठरल्या ठिकाणी इतर विमानांना गाठू शकले नाही. त्यामुळे नागासाकीवर उठलेला तो अग्निस्तंभ त्याने दुरून पाहिला. तेथे कोणास पळून जाण्यास अवधी मिळाला नव्हता.

यापुढची लोकप्रिय कथा कशी असेल, ते वाचक ओळखतीलच. नागासाकीचा विध्वंस पाहून वीराचे मन विदीर्ण झाले, पश्चात्तापाने तो देवाकडे धावला आणि उरलेले आयुष्य त्याने सेवेत वेचले. कलिंगाच्या रणांगणावरील अशोकाची आठवण करून देणारी ही कथा अनेकदा सांगितली गेली. परंतु पुराव्यापुढे ती टिकत नाही. अणुबाँबमुळे युद्ध लवकर संपले आणि त्यायोगे जितके गेले त्याहून अधिक जीव वाचले, हे मत चेशायर यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. १९८५ साली त्यांनी या विषयावर एक पुस्तक लिहिले. 'अनेक सूर्यांचा प्रकाश' असा त्याच्या नावाचा अर्थ होतो, आणि ते नाव वाचताच गीतेतील विश्वरूपदर्शनाची आठवण हिंदू वाचकास झाल्याखेरीज राहत नाही. त्या पुस्तकातही त्यांनी आपला हात आखडता घेतलेला नाही. म्हणजे ज्या पश्चात्तापावर ती कथा उभी आहे, तो पश्चात्तापच येथे नाही.

मग ते परतले कशामुळे? उत्तर साधे आहे, आणि आमच्या मते त्या कथेहून अधिक मोलाचे आहे. युद्धानंतर निवृत्त सैनिकांनी एकत्र राहून कष्ट करावेत, अशी एक वसाहत त्यांनी इंग्लंडात काढली होती. ती १९४७ साली मोडली. हँपशरमधील ले कोर्ट नावाचे एक प्रचंड, रिकामे घर आणि डोक्यावर कर्ज, एवढेच हाती उरले. अशा वेळी १९४८ साली एका इस्पितळातून निरोप आला. आर्थर डाइक्स नावाचा, त्या वसाहतीत पूर्वी राहून गेलेला, विमानदलातीलच एक मनुष्य कर्करोगाने मरणपंथास लागला होता. इस्पितळाला त्याच्यासाठी करण्यासारखे काही उरले नव्हते आणि त्याला जाण्यास जागा नव्हती. चेशायर यांनी इतरत्र चौकशी केली, कोणी घेईना. तेव्हा त्यांनी त्याला स्वतःच्या घरी आणले. नोकर नाही, परिचारिका नाही. ज्याच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस होता, तो मनुष्य आता एका मरणोन्मुख सोबत्याचे अंग पुसू लागला, त्याचे अंथरूण बदलू लागला आणि त्याची मलमूत्राची भांडी धुऊ लागला.

आर्थर हा मूळचा कॅथलिक. पण कित्येक वर्षे चर्चपासून दुरावलेला. त्या शेवटच्या महिन्यांत तो आपल्या श्रद्धेकडे परतला. खरे पाहता आमच्या विषयातील परतलेला पहिला सैनिक हाच. त्याच्या नावावर पदक नाही आणि इतिहासात त्याला एखाद-दुसरी ओळ मिळते. पण मरणाकडे तो ज्या शांतपणे पाहू लागला, त्या शांतपणाने शेजारी बसलेल्या नामांकित वीरास विचारात पाडले. ऑगस्टमध्ये आर्थर गेला. त्या रात्री चेशायर अँग्लिकन पंथातून कॅथलिक झालेल्या एका धर्मोपदेशकाचे पुस्तक वाचीत बसले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, त्यांनी कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश केला. बालपणीच्या ख्रिस्ताकडे ते परतले, पण दुसऱ्या दाराने. आपल्याकडे एकाच ज्ञातीत कवळे मठाचे स्मार्त आणि पर्तगाळी मठाचे वैष्णव असतात, त्यावरून याची थोडी कल्पना करता येईल. मात्र इंग्लंडात या दोन दारांमधील अंतर त्याहून पुष्कळ अधिक मानले जाई.

येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. श्रद्धा जडली म्हणून त्यांनी सेवा आरंभली, असे घडले नाही. आधी एक मनुष्य दारात आला, त्याला नाही म्हणता आले नाही, आणि त्याची शुश्रूषा करता करता श्रद्धेची वाट सापडली. आर्थरमागून एक नव्वदी उलटलेली वृद्धा आली, मग आणखी कोणी. ज्यांना इस्पितळ ठेवून घेत नाही व घर सांभाळू शकत नाही, अशांचे ते घर बनले, आणि त्यातून पुढे पन्नासच्या आसपास देशांत चेशायर होम उभी राहिली. भारतातील पहिले घर मुंबईच्या अंधेरी उपनगरात १९५६ च्या सुमारास निघाले. ५ एप्रिल १९५९ रोजी चेशायर यांचा विवाहही मुंबईतच झाला. वधू सू रायडर यांनी स्वतः युद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या सेवेस वाहून घेतले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पश्चात्ताप नसता श्रद्धेकडे परतणे म्हणजे काय? कोणी म्हणेल की ही मनाची फसवणूक आहे. ज्याने आपल्या हातून घडलेले अयोग्य मानलेच नाही, त्याला देवाकडे मागावयाचे तरी काय?

यास आमचे उत्तर असे. न्यायालयात निर्दोष सुटणे आणि ऋण कबूल करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात मनुष्य मोकळा होतो; दुसऱ्यात तो बांधला जातो. मुदतीच्या कायद्याचे, म्हणजे १९६३ च्या अधिनियमाचे, अठरावे कलम असे आहे की मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने आपल्या सहीनिशी कर्जाची लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून मुदत पुन्हा नव्याने मोजावयाची. म्हणजे कबुलीने कर्ज फिटत नाही. उलट बुडण्याच्या बेतात आलेले कर्ज पुन्हा जिवंत होते. सैनिकाचे श्रद्धेकडे परतणे हे आमच्या दृष्टीने निर्दोषत्वाचा दाखला नसून अशी सहीनिशी दिलेली कबुली आहे. ज्याला ते दाखल्यासारखे वाटते, तो अद्याप परतलेलाच नाही.

आणि ऋण असण्यास अपराध घडलाच पाहिजे, असे हिंदू विचार कोठे मानतो? देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही मनुष्य जन्मतःच घेऊन येतो. त्याने कोणते पाप केलेले असते? दुसऱ्यांनी काही केले, सोसले, त्यागले, म्हणून तो आहे. एवढ्यानेच तो देणेकरी ठरतो. युद्धात वाचलेल्या सैनिकाचे ऋण या जातीचे आहे. त्याच्या शेजारी बसलेला मेला, त्याच्या खाली असलेले मेले, आणि तो उरला. युधिष्ठिराला व्यासांनी, श्रीकृष्णांनी, भावांनी, सर्वांनी सांगितले की युद्ध धर्म्य होते. ते त्याने अमान्य केले असेही नाही. तरी त्याचे मन राज्यावर बसेना. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी त्याला जो प्रदीर्घ उपदेश केला, त्याचा रोख तो निरपराध आहे हे सिद्ध करण्याकडे फारसा नाही. त्याने आता कोणाचे, कसे पालन करावे, याकडे आहे. शोकाचे उत्तर म्हणून त्याला कर्तव्य देण्यात आले.

यावर वकिली थाटाचाच एक आक्षेप येईल, आणि तो बळकट आहे. देणे नागासाकीच्या मृतांचे, आणि फेड हँपशरमधील रोग्याला, ही कसली फेड? धनको सोडून भलत्याच्या हाती पैसे ठेवल्याने कर्ज फिटत नाही, हे कोणीही सांगेल. परंतु मृतांचे देणे मृतांना कधीच देता येत नाही. पितृऋणाचेच पाहा. ते पितरांना परत करता येत नाही म्हणून शास्त्राने पुढच्या पिढीचे पालनपोषण हीच त्याची फेड ठरविली. जे मागे देता येत नाही ते पुढे द्यावयाचे असते. लिमोजच्या मुलींना जो अवधी देता आला तो नागासाकीच्या मुलांना मिळाला नाही. पण दारात आलेल्या आर्थरला मात्र त्या घरी तीन-चार महिने का होईना, मिळाले.

याचा अर्थ आम्ही चेशायर यांचे अणुबाँबविषयीचे मत स्वीकारतो, असा कोणी करू नये. ते आम्हांस पटत नाही. ज्याने शत्रूच्या कारखान्यातील कामगारांचे प्राण वाचविण्यासाठी स्वतःचे विमान तोफांच्या तोंडी दिले, त्याच्याच साक्षीने नागासाकीच्या समर्थनास बाध येतो, असे आम्हांस वाटते. हे दोन प्रसंग त्यांच्या मनात एकमेकांशी कसे नांदले, याचा निवाडा आमच्या हाती नाही. पण एका मनुष्याचे मत चुकीचे वाटणे आणि त्याची श्रद्धा खोटी ठरविणे, या भिन्न गोष्टी होत. पहिल्याचा अधिकार आम्हांस आहे, दुसऱ्याचा नाही.

राहता राहिली ती आमच्या पूर्वजांची शंका. सेवेच्या पानात धर्मांतराचा विडा तर बांधलेला नाही ना? शंका अस्थानी नाही. इतिहासाने ती शिकविली आहे. तिचे उत्तर व्यवहाराने द्यावयाचे असते, आणि चेशायर यांनी ते तसे दिले. दाखल करून घेताना रोग्याचा धर्म पाहावयाचा नाही आणि कारभार त्या त्या ठिकाणच्या लोकांच्या समितीने पाहावयाचा, या तत्त्वांवर त्यांची घरे चालली. १९९२ साली ते वारले. त्यांच्या श्रद्धेचा लाभ ज्यांना झाला, त्यांतील असंख्यांचा त्या श्रद्धेशी काही संबंध नव्हता. सोळाव्या शतकातील धर्मोत्साह आमच्या दारी आला तो आमचे देव मागावयास. हा आला तो आमचे टाकलेले रोगी मागावयास. दोन्ही एकाच क्रुसाच्या नावाने आले म्हणून दोहोंस एकाच मापाने मोजणे, हे न्यायाच्या दृष्टीने समर्थनीय नाही.

तेव्हा शेजारचा सैनिक पुन्हा चर्चमध्ये जाऊ लागला, तर आम्ही भाविकांनी काय समजावे? आम्हांस वाटते, त्याने आपल्या ऋणावर सही केली, एवढे समजावे व त्याचे अभिनंदन करावे. तो आपला झाला नाही, म्हणून खेद करण्याचे कारण नाही. जो ज्या उंबरठ्यावरून गेला, त्याच उंबरठ्यावरून आत आला, यात आमच्या देवाचे काही उणे होत नाही. पुढे तो ते ऋण कसे फेडतो, हे त्याच्याकडे आणि त्याच्या देवाकडे सोपवावे.

आमच्याकडे मात्र दुसरा एक प्रश्न उरतो. इटलीच्या डोंगरांत लढलेले मराठा जवान, आणि त्यानंतरच्या प्रत्येक युद्धातून परतलेले जवान, आमच्याही देवळांत आले. आम्ही त्यांना नारळ-प्रसाद दिला, जत्रेत पुढे बसविले, सत्कार केले. सत्कार हा निर्दोषत्वाच्या दाखल्यासारखाच असतो. तो देऊन आम्ही मोकळे होतो आणि घेणाराही मोकळा होतो. परंतु रात्री झोप न येणाऱ्या, आपल्या हातांकडे पाहत बसणाऱ्या माणसाला मोकळे व्हावयाचे नसते. त्याला देणे फेडण्यास जागा हवी असते. कोणाचे अंथरूण बदलावयास द्यावे, कोणत्या म्हाताऱ्याला आंघोळ घालावयास सांगावे, अशी जागा किती देवस्थानांपाशी आहे? महाजनांच्या पुढील सभेत, रथाच्या आणि मंडपाच्या खर्चाचे विषय संपल्यावर, एवढा एक विषय घेतला जावा, अशी आमची विनंती आहे.